तीन शाहिरांचा एक फड



भातलावणी उरकली की आमच्या पाली पंचक्रोशीत रात्री ढोलकी वाजू लागते. गणपतीतल्या जाखडीची ती तालीम. मध्ये गाणारे-वाजवणारे बसतात, भोवती फेर धरला जातो. शक्ती-तुऱ्याची बारी असली तर एका बुवाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तो पदातूनच सोडवायचा. एका फडात पदे रचणारा बहुधा एकच. दोन झाले की फड फुटलाच म्हणून समजा!

म्हणूनच 1944 साली निघालेल्या एका पथकाचे मला नवल वाटते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे तिघेही शाहीर, तिघेही गाणी रचणारे. तरी त्यांनी मिळून ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे. शाळा नावापुरती, पुढे मुंबईत गिरणीत काम. अमर शेख बार्शीचे, मोटारीवर क्लीनर होते, गिरणीतही राबले. आवाज मात्र पहाडी! पथक कम्युनिस्ट विचाराचे, हे नावावरूनच कळते. तो विचार प्रत्येकाला पटेल असे नाही, पण त्यांच्या कामाची रीत पाहण्याजोगी होती.

लोकांना तमाशा ठाऊक होता. अण्णाभाऊंनी तोच साचा घेतला. गणात धरतीला आणि कष्टकऱ्यांना वंदन घातले, गौळण काढून टाकली आणि वगात सावकार, साठेबाज, पुढारी आणून उभे केले. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्यावर त्यांनी पोवाडा रचला. आम्ही विस्तार अधिकारी तक्ते टांगून तासभर बोलतो आणि मंडळी जांभया देतात. तीच गोष्ट डफावर आली की म्हातारी माणसेसुद्धा सरसावून बसतात.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी सभा गाजवल्या. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड त्याच काळातली. बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसाची ती व्यथा आहे आणि तिच्याआडून महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचीही. रत्नागिरी जिल्ह्याला यातले पहिले दुःख समजावून सांगायला नको. मनिऑर्डरीची वाट पाहत नांगर धरणाऱ्या बाया आपल्या घराघरांत होत्या.

1 मे 1960 रोजी राज्य झाले. 1969 च्या जुलैत अण्णाभाऊ गेले, आणि दीड महिन्याच्या आत अमर शेख मोटार अपघातात. त्यांची बरीच गाणी छापली गेली म्हणून आज हाती आहेत.

आपल्या बुवांचे काय? पदांच्या वह्या माळ्यावर आणि माळ्यावर वाळवी! एका वाडीत मला दाखवायला काढलेली वही हातातच भुगा झाली. रचणारे बुवा वारलेले, आणि पोरे आता सिनेमाच्या चालीवर दुसऱ्या कुणाची पदे म्हणतात.

तेव्हा यंदाच्या तालमीत एवढे करा. जुन्या बुवांना बसवून पद म्हणायला सांगा आणि मोबाईलवर चाल धरून ठेवा. शब्द नव्या वहीत उतरवा. प्रत्येक पदाखाली रचणाऱ्याचे नाव, वाडी आणि आठवत असेल तर साल लिहा. वही पत्र्याच्या पेटीत ठेवा, पेटी भिंतीला टेकवू नका, तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. पावसाळा सरला की एकदा ऊन दाखवा.