व्हॅम्पायरला खाट, पोराला काठी

मागच्या आठवड्यात माझ्या भावानं त्याच्या अकरावीतल्या पोरीच्या हातून मोबाईल हिसकला. सापडलं काय? कोण्या पोराचे मेसेज नाही. 'ट्वायलाइट' नावाची कादंबरी! माणूस पोरगी आणि रक्त पिणारा व्हॅम्पायर यांची प्रेमकथा. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर ठराव पास: "असल्या पुस्तकांवर बंदी पाहिजे, पोरी बिघडतात."

मी भाचीकडून ते पुस्तक मागून घेतलं आणि वाचलं. ठराव करणाऱ्यांपैकी एकानंही वाचलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

२००५ सालची ही अमेरिकन कादंबरी. नायिका बेला सतरा वर्षांची. नायक एडवर्डही दिसायला सतराचाच, पण जन्म १९०१ चा. १९१८ च्या तापाच्या साथीत मरता मरता तो व्हॅम्पायर झाला. म्हणजे शंभरी ओलांडलेला बाप्या कोवळ्या पोराचं तोंड घेऊन शाळेत बसतो. रात्री न विचारता पोरीच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो, आणि लेखिका त्याला प्रेम म्हणते. माझा आक्षेप आहे तो इथं. रक्ताला नाही, दातांना नाही. वयाला आहे, न विचारता आत शिरण्याला आहे.

हेच मी भाचीला बोलले. ती म्हणाली, "आत्या, ते मलाही नाही आवडलं. पण तो थांबतो तरी. माझ्यापासून तुला धोका आहे, असं तोंडावर सांगतो. इथं कोण सांगते?"

मी गप्पच झाले. कारण इथं खरंच कोणी सांगत नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा हा पट्टा आहे. तिथल्या कोलाम पोडांवरच्या 'कुमारी मातां'च्या बातम्या आपण कित्येक वर्षांपासून वाचतो. बाहेरून आलेला ठेकेदार, व्यापारी, हातात पैसा आणि बुडाखाली गाडी असलेला माणूस. लग्नाचं वचन देतो, पोरीला दिवस गेले की पसार. अशा किती पोरी अठराच्या आतल्या होत्या, हे विचारायची आपल्याला गरज वाटली नाही. विधानसभेत प्रश्न गाजतात, महिला आयोगाचे दौरे होतात, आपण हळहळतो आणि म्हणतो, "पोरीनंच लफडं केलं असंन."

लफडं? ज्याच्याकडं तिच्या बापाची मजुरी अडकली, त्याला ती 'नाही' म्हणणार कशी? एका बाजूला पोट, दुसऱ्या बाजूला पैसा, याला प्रेमप्रकरण म्हणत नाहीत.

व्हॅम्पायरच्या जुन्या गोष्टींत एक नियम आहे. त्याला घरात शिरायला आतून आमंत्रण लागतं. आमंत्रण आपण देतो. अशा माणसाला गावात खाट टाकतो, चहा पाजतो, 'शेठ' म्हणतो. प्रकरण अंगावर आलं की चार प्रतिष्ठित जमून पैशात मिटवायला बघतात.

मग आपली काठी उगारली जाते कोणावर? वर्गातल्या पोरावर. वय तिच्याएवढंच, खिसा रिकामा, फक्त आडनाव वेगळं. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा थेटरात आपण गाण्यांवर नाचलो, शेवटी त्या लेकराची रक्तानं भरलेली पावलं बघून रडलो. आणि घरी येऊन पोरीला विचारलं, "तुह्या वर्गातला तो कोणाचा आहे गं?" डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली. सज्ञान माणसांच्या लग्नावर नजर ठेवायला सरकारजवळ वेळ आहे.

कायद्याचंही बघा. पोक्सो २०१२ चा. अठराच्या आत संमती धरत नाहीत. पोडावरच्या पोरीसाठी ही भिंत हवीच, ती कमी करा असं मी म्हणणार नाही. पण तोच कायदा बापलोक जातीच्या रागात सतरा-अठराच्या पोरावर चालवतात. पोरगा आत जातो, पोरगी घाईघाईनं उजवली जाते. वय झालं नसलं तरी! बालविवाह लावणारेच मुलीच्या संरक्षणाचा कायदा सांगतात. विधी आयोगानंही २०२३ मध्ये वय अठराच ठेवा म्हटलं, पण सोळा ते अठरामधल्या राजीखुशीच्या प्रकरणांत न्यायाधीशाला तारतम्य वापरता यावं, असंही सुचवलं. तारतम्य! नेमकं तेच आपल्या ग्रुपवर सापडत नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. आपण चुकीच्या प्रेमावर बंदी घातली आहे. पोरीच्या आयुष्यात कोणी आला, तर आडनाव नका विचारू. तीन गोष्टी विचारा. त्याचं वय किती? तिची मजुरी, मार्क, उधारी त्याच्या हातात आहे का? आणि ती 'नाही' म्हणाली तर तो थांबेल का? या तीन प्रश्नांत शंभर वर्षांचा एडवर्डही नापास होतो आणि गाडीवाला शेठही. वर्गातला तो पोरगा कदाचित पास होईल, आणि आपल्याला भीती वाटते ती याचीच.

सरकारला मागायचंच असेल तर पुस्तकबंदी नको. कुमारी मातांच्या लेकरांची डीएनए तपासणी करा, बाप ठरवा, पोटगी वसूल करा. शाळाशाळांत १०९८ हा नंबर भिंतीवर लिहा आणि पोरींना तो कशासाठी आहे ते सांगा.

भावाला मी हे सगळं बोलले. तो चिडला, दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मोबाईल परत दिला. पुस्तक त्यानं अजून वाचलं नाही. वाचेल, मी मागं लागली आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये खुशाल भांडा. फक्त कोण्या पोरीचं नाव-गाव लिहू नका. नावं लिहायचीच असतील, तर खाट टाकणाऱ्यांची ठाण्यात जाऊन लिहून द्या.