‘अन्नच तर आहे!’

स्किझोफ्रेनियाच्या शुभंकरांपुढे, म्हणजे रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्यांपुढे, परवा एका वक्त्याने ठासून सांगितलं : या आजारात मेंदूतले एनएमडीए ग्राहक मंदावतात, ग्लायसिन त्यांना चालना देतं, ग्लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे अन्नच, पावडर सुरू करा, स्मरणशक्ती सुधारेल, अपाय तर नाहीच. समोरचे आईबाप डब्याचं नाव वहीत उतरवून घेत होते. संताप येतो तो याचा.

मेंदूबद्दलचा तर्क रास्त आहे. पण तर्क पुरेसा असता तर चाचण्या कशाला घेतल्या असत्या? आणि ‘अन्नच’ म्हणजे काय? रोजच्या जेवणातून ग्लायसिन मिळतं जेमतेम काही ग्रॅम. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते दिवसाला 60 ग्रॅमपर्यंत दिलं होतं. चार-पाच मोठे चमचे भुकटी, रोज, 16 आठवडे! याला अन्न म्हणायचं असेल तर औषध कशाला म्हणायचं? 157 रुग्णांच्या त्या चाचणीत आकलन आणि स्मृतीच्या बाबतीत ग्लायसिन खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. ‘अपाय नाहीच’ म्हणणाऱ्यांनी 1961चा प्रयोगही वाचावा. मेथिओनिन हेही अमिनो आम्लच; अंड्यात असतं, तिळात असतं. पण इप्रोनियाझिड हे औषध घेणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ते मोठ्या मात्रेत दिलं, तेव्हा काहींची लक्षणं बळावली. त्याच दशकात नायसिनच्या भरमसाट मात्रांचाही असाच गाजावाजा झाला होता; तेव्हाही ‘साधं जीवनसत्त्व’ हेच पालुपद होतं.

मेंदूतलं ग्लायसिन वाढवणारं आयक्लेपर्टिन हे औषध खास आकलनासाठी तपासलं गेलं. 2025च्या जानेवारीत त्याच्याही मोठ्या चाचण्या अपयशी ठरल्याचं जाहीर झालं.

मग स्मृतीसाठी काही करायचंच नाही? करायचं. आधी औषधांची चिठ्ठी उघडा. हातपाय थरथरू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू असते आणि ती स्मरणशक्ती मंदावते, हे सिद्ध आहे. ती अजून लागते का, हळूहळू कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः मात्र बंद करू नका. स्मृती-लक्ष यांचे प्रशिक्षकासोबतचे सराव माफकच, पण खरा फायदा देतात. डब्याचे पैसे तिकडे लावा. आणि पावडर सुरू केलीच असेल, तर पुढच्या भेटीला डबा सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.