कोरे पान आणि तंजावूरची मोडी

तंजावूरच्या मराठीविषयी लिहू लागले की सरस्वती महाल ग्रंथालय, दुसरे सरफोजी राजे आणि बृहदीश्वराच्या मंदिरावरील 1803 चा भोसले वंशाचा शिलालेख यांचा उल्लेख करून आरंभ करण्याचा प्रघात आहे. त्यामानाने प्रस्तुत लेखाचा विषय कित्येकांस क्षुद्र वाटेल. ऑनलाइन शिक्षणाचे संकेतस्थळ ब्राउझरात उघडत नाही, पडद्यावर कोरे पान राहते किंवा एक चक्र निरंतर फिरत राहते, अशा वेळी दोष कोणाचा मानावा, एवढाच हा प्रश्न आहे. तथापि भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी तो यंत्रज्ञांवर सोपवून मोकळे व्हावे, असे आम्हांस वाटत नाही.

भोसले दरबाराचे मोडी कागद तंजावुरात मोठ्या संख्येने आहेत. 1981 साली स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काहींची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली, हे त्या संस्थेचे मोठेच कार्य होय. परंतु मूळ कागद वाचू शकणारा मनुष्य दुर्मिळ आहे. दक्षिणी मराठी घरांतील मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत तमिळ व इंग्रजी शिकतात; तमिळनाडूत 1968 पासून द्विभाषा धोरण आहे. देवनागरी ओळखणारेच जेथे थोडे, तेथे मोडीची गोष्ट काय सांगावी? शिकवणारा पुण्यास किंवा मुंबईस, शिकणारा तंजावुरास किंवा चेन्नईस, अशी स्थिती असल्यामुळे मोडीचा वर्ग आता तारेवरून येतो. तो उघडला नाही तर विद्यार्थ्यास दुसरे दार नाही. अशा वेळी तो तक्रार करीत नाही. 'हे आपल्याला जमायचे नाही' असे म्हणून तो मुकाट्याने दूर होतो, आणि वाचकांची आधीच तोकडी असलेली यादी आणखी एका नावाने तोकडी होते.

दोष शोधण्याची रीत मात्र आपल्या शास्त्रास परकी नाही. पाठचिकित्सा करणारा प्रथम विचारतो, की अपपाठ मूळ प्रतीत आहे की नकलेत? येथेही तोच प्रश्न आहे. ब्राउझर एकदा पाहिलेल्या पानाचे भाग स्वतःजवळ साठवून ठेवतो, त्यास 'कॅश' म्हणतात. संकेतस्थळावर नवी आवृत्ती आली आणि आपल्याजवळ अर्धी जुनी नक्कल उरली, तर दोहोंचा मेळ बसत नाही व पान कोरे राहते. खाजगी खिडकीत तेच पान उघडून पाहावे. तेथे उघडले तर जुनी नक्कल, जुनी 'कुकी' किंवा ब्राउझरास जोडलेली एखादी उपाज्ञावली, बहुधा जाहिराती अडविणारी, हीच दोषी समजावी. तेथेही न उघडल्यास दुसरा ब्राउझर घ्यावा. नंतर महाविद्यालयाच्या जोडणीऐवजी भ्रमणध्वनीची जोडणी वापरून पाहावी, कारण संस्थांच्या जाळ्यांत चित्रफितींची स्थळे पुष्कळदा अडविलेली असतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याचे पान कदाचित उघडते, परंतु कशामुळे उघडले ते त्यास कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा तेथेच येऊन उभा राहतो.

काही कारणे तर विलक्षण साधी असतात. संगणकाच्या आतील लहानशी विद्युत्घटिका संपली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळाच्या ओळखपत्रास आरंभाची व समाप्तीची तारीख असते. मागे पडलेल्या घड्याळास ते ओळखपत्र अजून निघालेच नाही असे वाटते आणि ब्राउझर दार लावून घेतो. येथे घड्याळ बरोबर लावणे एवढाच उपाय आहे. याच्या उलट, 30 सप्टेंबर 2021 रोजी एका बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा घड्याळे बरोबर असूनही अनेक जुन्या यंत्रांवर असंख्य स्थळे बंद पडली. तेथे विद्यार्थ्याने कॅश कितीही पुसली असती तरी उपयोग नव्हता.

हा भेद महत्त्वाचा आहे. साहाय्य मागितले असता बहुतेक ठिकाणी एकच ठराविक उत्तर मिळते: कॅश पुसा, ब्राउझर अद्ययावत करा. पहिली सूचना योग्य आहे. दुसरी ज्यास दिली जाते त्याचे यंत्र पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. विंडोज 7 वर चालणारा क्रोम 2023 च्या आरंभी 109 व्या आवृत्तीवर थांबला. त्यापुढे अद्ययावत करणे म्हणजे नवा संगणक घेणे. मोडी शिकू इच्छिणाऱ्या निवृत्त शिक्षकास हे सांगणे म्हणजे त्यास वर्गाबाहेर काढणेच होय. सभ्य भाषेत काढले, एवढेच.

मोडीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती केवळ आपलीच. देवनागरीस युनिकोडमध्ये 1991 पासून स्थान आहे. मोडीस ते 2014 साली, सातव्या आवृत्तीत मिळाले, आणि तेही मूळ पासष्ट हजार जागांच्या पलीकडील प्रदेशात. परिणामी वाचकाजवळ मोडीचा टंक नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. त्याहून वाईट म्हणजे जुन्या बेताची काही साठवण-आज्ञावली तीन बाइटांपलीकडचे अक्षर ठेवूच शकत नाही; शिक्षकाने लिहिलेला पाठ पहिल्या मोडी अक्षरापाशी तुटतो व पुढचे सारे नाहीसे होते. विद्यार्थी आपला ब्राउझर तपासत बसतो आणि धडा मुळात साठविलाच गेलेला नसतो! हा दोष संस्थेनेच शोधावयास हवा, कारण तो वाचकास दिसणेच शक्य नाही.

दुसरी हानी फ्लॅशमध्ये बांधलेल्या पाठांची. अक्षराचे वळण हलत्या रेषेने दाखविण्याची सोय त्यात उत्तम होती, आणि लेखणी न उचलता लिहिल्या जाणाऱ्या लिपीस ती विशेष मानवत असे. 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅशचा आधार संपला व 12 जानेवारी 2021 पासून ते पाठ चालविणेही रोखले गेले. ज्यांनी मूळ चित्रे व मजकूर वेगळा जपून ठेवला नव्हता, त्यांचे पाठ त्या दिवशी बुडाले. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचता येतो आणि पंधरा वर्षांपूर्वीचा त्याचा धडा वाचता येत नाही, ही स्थिती कोणत्याही ग्रंथपालास लाजिरवाणी वाटेल.

यावर असे म्हटले जाईल, की उपस्थिती, परीक्षा, श्रेयांक यांकरिता अशी अवजड यंत्रणा लागतेच. आणि जुना ब्राउझर चालू ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचे आहे. दोन्ही आक्षेप खरे आहेत. परीक्षेसाठी प्रवेशनाम मागावे, जावास्क्रिप्ट लागत असेल तर लागो. परंतु मोडीचा धडा म्हणजे काय? कागदाचे छायाचित्र, त्याखाली देवनागरी लिप्यंतर, ऱ्हस्वदीर्घाचा भेद मोडीत बहुधा पाळला जात नाही यासारख्या चार सूचना आणि सरावाचे पान. यातील कशासही प्रवेशनाम लागत नाही. साध्या पानावर ठेवलेला मजकूर आणि उतरवून घेता येणारी एक छापण्याजोगी प्रत, एवढ्याने पंचवीस वर्षे जुन्या संगणकावरही शिकता येते. सरफोजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरी खिळ्यांचा छापखाना आपल्या दरबारी आणला आणि इसापाच्या कथा मराठीत छापविल्या, त्या वाचणाऱ्याच्या हाती पडाव्यात म्हणूनच ना?

आमची सूचना अगदी मर्यादित आहे. विद्यापीठांच्या भाषा-विभागांनी लिपीचा वा भाषेचा कोणताही ऑनलाइन वर्ग जाहीर करण्यापूर्वी, जेथील विद्यार्थी अपेक्षित आहेत तेथे, त्यांच्याच हाती असलेल्या स्वस्त भ्रमणध्वनीवर आणि महाविद्यालयातील सर्वांत जुन्या संगणकावर तो एकदा उघडून पाहावा. मुख्य कार्यालयातील नव्या यंत्रावर तो उघडतो, हा पुरावा ग्राह्य धरू नये. प्रत्येक धड्याबरोबर त्याची साधी प्रत ठेवावी, आणि तक्रारीकरिता मराठी व तमिळ दोन्ही जाणणाऱ्या मनुष्याचा दूरध्वनी क्रमांक त्या प्रतीच्या पहिल्या पानावरच छापावा. कारण मुख्य संकेतस्थळावर दिलेला क्रमांक, ज्यास तो लागतो, त्यास दिसत नाही.