उलट्या आट्यांचा नट

पावसाळा सरला की मालवण, देवगड, वेंगुर्ले पट्ट्यातील बागायतदारांची खरी घाई सुरू होते. आंबा-काजूच्या कलमांखाली कमरेएवढे वाढलेले गवत वाळण्याआधी कापून घ्यावे लागते. ते राहून गेले, तर माघ-फाल्गुनात कातळावरच्या सुक्या गवताला लागलेला वणवा बागेत शिरायला वेळ लागत नाही आणि दहा-पंधरा वर्षे वाढवलेली कलमे एका दुपारीत करपतात. शिवाय काजूची बी झाडाखाली गळून पडते. उंच गवतातून ती वेचणे म्हणजे निम्मी बी जमिनीलाच देणे.

पूर्वी ही बेणणी कोयत्या-विळ्याने होत असे. आता बहुतेक बागांतून पेट्रोलवर चालणारे, खांद्याला अडकवायचे ग्रासकटर आले आहेत. माणूस ताठ उभा राहतो, हात गवतापासून दूर राहतात. फुरशांच्या या मुलखात ही सोय लहान नव्हे. मात्र हे यंत्र वर्षातील सात-आठ महिने पडवीत टांगलेले असते आणि ऐन हंगामात खाली काढले की त्याचे पाते जागचे हलत नाही. बोथट पाते बदलायचे असते, मजूर अंगणात खोळंबलेले असतात आणि नट काही केल्या सुटत नाही.

यात दोष बहुधा समुद्राचा. खाऱ्या वाऱ्यातील मिठाचे सूक्ष्म कण लोखंडावर बसतात, हवेतील ओल शोषून घेतात आणि गंज चढण्याचा वेग कितीतरी वाढवतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे नट आणि दांडा यांच्या आट्यांमधील केसाएवढी फट भरून जाते व दोन्ही एकजीव झाल्यासारखे आवळले जातात. त्यात पात्याच्या वर गुंडाळलेले ओले गवत आणि वेलींचे तंतू तसेच राहिले असतील, तर ओल धरून ठेवण्याची व्यवस्था पूर्ण झाली.

परंतु जितके नट गंजामुळे अडतात, जवळजवळ तितकेच चुकीच्या दिशेने फिरवल्यामुळे अडतात. ग्रासकटरच्या पात्याचा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो. नेहमीचा नट घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवला की सुटतो. हा मात्र काट्यांच्या दिशेने फिरवला तरच सुटतो. यामागे कारण आहे. यंत्र उलटे करून खालून पाहिले, तर पाते काट्यांच्या दिशेने फिरते. गवताचा अडथळा त्याला मागे ओढतो आणि ती ओढ नटाला विरुद्ध दिशेने ढकलते. आटे सरळ असते, तर काम चालू असतानाच नट ढिला होऊन पाते निसटले असते. आटे उलटे असल्याने तीच ओढ नटाला अधिक घट्ट करते. सायकलचे डावे पेडल आणि टेबल फॅनच्या पंख्याची चकती यांतही उलटे आटे असतात, पण पाना हाती घेतल्यावर ते कोणाला आठवत नाही! मैदानांवर चालणाऱ्या, वर बसून हाकायच्या मोठ्या यंत्रांचे बोल्ट मात्र बहुधा सरळ आट्यांचे असतात. म्हणून तेथे हात बसलेला कारागीरही येथे फसतो. नव्या यंत्राचे माहितीपत्रक एकदा पाहून घेणे, हा यावर सर्वांत स्वस्त उपाय.

नट सोडवण्याआधी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. हे वगळले जाते ते नेहमी घाईत, आणि बोटे जातात तीही घाईतच. हातात जाड मोजे असावेत. पात्यावरील गवत, माती साफ करून गिअरच्या डब्याला असलेल्या छिद्रात यंत्रासोबत मिळालेली सळई घालावी. आतील चकतीचे छिद्र जुळले की दांडा फिरायचा थांबतो. मग आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडून, नटावर हलके ठोके देऊन, रात्रभर थांबावे. बाजारातील निळ्या-पिवळ्या डब्यातले डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत क्षेपणास्त्रांच्या पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी तयार झाले; नावातील ४० म्हणजे चाळीसावा प्रयत्न. ते नसेल, तर रॉकेल किंवा डिझेल आणि थोडे अधिक सबुरी.

सकाळी नीट बसणारा पाना लावून नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने, असा हळूहळू हलवावा. पान्यावर पाइप चढवून झटका देण्याचा मोह होतो. पण गिअरचा डबा ॲल्युमिनियमचा असतो, आतली सळई वाकते वा डबाच तडकतो. आचेचा प्रयोग तर येथे नकोच: शेजारी पेट्रोलची टाकी आहे आणि डब्यात ग्रीस व रबरी सील. इतके करूनही नट हटला नाही, तर मेकॅनिककडून तो कापून घ्यावा. नट काही रुपयांचा, गिअरचा डबा काही हजारांचा.

नवा नट बसवण्यापूर्वी आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा. हंगाम संपला की पाते काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळे गुंडाळून ठेवावे आणि यंत्र समुद्राकडच्या पडवीत न टांगता घराच्या आतल्या बाजूस न्यावे.