मागे समुद्र आला पाहिजे

परवा संध्याकाळी एमआयडीसीतली शिफ्ट सुटल्यावर एक गृहस्थ माझ्या दुकानात आले. त्यांच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. त्याला आता पंचवीस वर्षं होतील, म्हणून नवरा-बायको जानेवारीत अंदमानला निघालेत. टूरवाल्याचा छापील कागद त्यांनी काउंटरवर पसरला. "भाऊ, आम्ही अंदमानला जाऊन राहिलो. फोटो एकदम मस्त आले पाहिजेत. कपडे कोणत्या रंगाचे घ्यायचे ते सांगून द्या. मागे समुद्र आला पाहिजे, बस."

मी कागद वाचला आणि माझं डोकं तापलं. त्यांच्यावर नाही. पंचवीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाने बायकोला समुद्र दाखवायचं ठरवलं, यात रागावण्यासारखं काय आहे? राग त्या कागदावर आहे. ज्या समजुतीतून तो कागद छापला गेला तिच्यावर आहे. बेट म्हणजे फोटोच्या मागे टांगायचा पडदा, ही ती समजूत.

पडदा काय असतो हे मला चांगलं माहीत आहे. नागपूरजवळ हिंगण्यात मी स्टुडिओ सुरू केला तेव्हा माझ्याकडे एक रंगवलेला कापडी पडदा होता. दोन नारळाची झाडं, निळा समुद्र, कोपऱ्यात शिडाची होडी. भंडारा, गोंदिया, छिंदवाड्याकडून कारखान्यात नव्याने लागलेली पोरं पहिला पगार झाला की यायची, केस पाण्याने बसवायची आणि त्या समुद्रासमोर ताठ उभी राहायची. फोटो गावी जायचा. समुद्र कापडाचा आहे हे पोराला ठाऊक असायचं, गावात फोटो हातात घेणाऱ्या आईलाही ठाऊक असायचं. कुणी कुणाला फसवत नव्हतं. काम झालं की मी पडदा गुंडाळून ठेवायचो आणि त्यात कुणाचंही काही बिघडत नव्हतं. खऱ्या बेटाचा पडदा केला की मात्र पुष्कळ काही बिघडतं.

आता तो कागद. पाच रात्री, सहा दिवस. रोज सकाळी साडेआठला नाश्ता, साडेनऊला गाडी. कपड्यांचा रंग नंतर, फोटो इथेच मेला.

आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. नागपूर त्याच्या पश्चिमेला, एकोणऐंशीच्या जरा पुढे. पोर्ट ब्लेअर, २०२४ पासूनचं श्री विजयपुरम, त्याच्या पूर्वेला, जवळजवळ त्र्याण्णव अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरा. आपल्या आणि त्यांच्या सूर्यात पाऊण तासाहून जास्त फरक पडतो, घड्याळ मात्र दोघांचं एकच. जानेवारीत हिंगण्याला सूर्य उगवतो पावणेसात वाजून गेल्यावर, तिकडे पावणेसहाच्या सुमाराला. मावळतो सव्वापाचच्या आसपास. घड्याळात साडेअकरा वाजतात तेव्हा तिथे भर मध्यान्ह असते. म्हणजे साडेनऊला गाडीत बसणारा माणूस सूर्य उगवल्यावर पावणेचार तासांनी दिवस सुरू करतो, आणि पांढऱ्या वाळूवर डोळे बारीक करून, नाकाखाली सावली पाडून उभा राहतो. मग घरी येऊन माझ्याकडे फोटो आणतो आणि म्हणतो, जरा उजळ करून द्या.

दुपारचं ऊन फुकट जातं असं मी म्हणत नाही. उथळ पाण्याचा तो हिरवा-निळा रंग सूर्य वर असतानाच दिसतो. लेन्सला पोलरायझर लावला की पाण्यावरची चमक जाते आणि तळ दिसायला लागतो. पाण्याखाली डोकं घालायचं तेही याच वेळी, कारण चार-पाच मीटर खाली गेलं की लाल रंग आधी नाहीसा होतो आणि जो काही उजेड मिळतो तो हवाच असतो. पण या कागदावर त्या वेळेला काय आहे? बंद काचांच्या बोटीतली एसी सीट. आणि दोन ते चार राधानगर.

हॅवलॉक बेटाचा राधानगर किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. २००४ मध्ये 'टाइम'ने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तेव्हापासून तो प्रत्येक कागदावर असतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या सहलीत मला तिथे बरोबर दोन वाजता सोडलं आणि चार वाजता गाडीत बसवलं, कारण चालकाला पुढची पार्टी घ्यायची होती. आम्ही निघालो तेव्हा उजेड नुकता पिवळा होऊ लागला होता. मागच्या काचेतून मी तो पाहत होतो आणि बायको माझ्याकडे पाहत होती. ज्या माणसाने तो कार्यक्रम आखला त्याने राधानगरचा सूर्यास्त एकदाही पाहिलेला नसणार, हे मी आजही छातीठोकपणे म्हणतो. उगवतीसाठी त्याच बेटावर काळापत्थर आहे, पूर्वेला. तिथे पहाटे जाण्याची सोय कुठल्याच कागदावर मला दिसलेली नाही, कारण तेव्हा हॉटेलातला नाश्ता तयार नसतो.

भरती-ओहोटीचं तर नावच नाही. नील बेटावर, २०१८ पासूनच्या शहीद द्वीपावर, लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे. तिथवर नीट जायचं ते ओहोटीत. कोकणातला म्हातारा कोळी तिथीची पाऊणपट करून तोंडावर भरतीची वेळ सांगतो. अंदमानात तो हिशोब जसाच्या तसा बसत नाही, पण तिथल्या वेळांचं कोष्टक मिळतं, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं एवढं आपल्या भिंतीवरचं कालनिर्णयसुद्धा सांगेल. टूरवाला काय बघतो? बोटीची वेळ. म्हणून पाणी चढलेलं असताना लोक तिथे पोचतात, कमानीसमोर रांग लावतात आणि जागा मिळेना की वाकडी वाट धरतात. ती वाट जिवंत प्रवाळावरून जाते.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्यापासून दहा हातांवर एका तरुणाने पाण्यातून समुद्रतारा उचलला, बायकोच्या तळव्यावर ठेवला आणि फोटो घ्यायला लागला. एक आडवा, एक उभा, एक तिने गॉगल लावून. ताऱ्याच्या खालच्या बाजूला बारीक नळ्यांसारखे पाय असतात, शेकड्यांनी. ते आधी हलत होते. मग हळूहळू आत गेले. मी ओरडलो तेव्हा तो म्हणाला, "काका, सोडतोच आहोत ना." त्याच्या पायाखाली फांद्यांचं प्रवाळ होतं आणि ते मोडल्याचा आवाज येत होता, वाळलेल्या तुरीच्या काड्या मोडाव्यात तसा. दगडासारखं गोलाकार प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढलं तरी खूप. २०१० मध्ये समुद्र तापला तेव्हा अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, २०१६ ला पुन्हा पडलं. त्यातून जे वाचलं त्यावर हा चप्पल घालून उभा. आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला वाघाच्या पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत बसवलं आहे. नागपूरचा माणूस पेंचला वाघापुढे जीपमधून पाय बाहेर काढत नाही. इथे मात्र तो प्रवाळावर नाचतो, कारण फोटोत पायाखालचं येत नाही.

सेल्युलर जेलबद्दल लिहिताना माझा हात कापतो, तरी लिहितो. १८९६ ला बांधकाम सुरू झालं, १९०६ ला संपलं. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात इमारती, त्यांतल्या तीन आज उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचा चेहरा दिसू नये. कोलूला माणूस जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावत. बाबाराव आणि विनायकराव सावरकर हे सख्खे भाऊ इथे होते. विनायकराव १९११ पासून १९२१ पर्यंत. सावरकरांच्या राजकारणाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. त्यांच्या कोठडीत उभं राहून ज्याच्या पोटात कालवत नाही त्याने खुशाल परत यावं. मी गेलो तेव्हा दारात रांग होती, प्रत्येकाला अर्धं मिनिट. एक बाई गजांना धरून दुःखी चेहरा करत होत्या आणि नवरा सांगत होता, अजून थोडं, हां, आता बाहेर बघ.

त्या दरवाज्याचा अडसर कुणी पाहिला? लांब लोखंडी दांडा, आणि त्याचं कुलूप दारापासून दूर, भिंतीत कोरलेल्या खोबणीत. आतून गजांमधून हात कितीही ताणला तरी तिथे पोचत नाही. मी तो फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून गेलो आणि गर्दी नसताना परत काढला. खोबणीची कड हातांनी घासून गुळगुळीत झाली आहे. माझ्या दुकानात आजवर अंदमानचे जे फोटो छापायला आले त्यांत या अडसराचा एकही नव्हता.

पाचवा दिवस: बाराटांग. चुनखडीच्या गुहा, असं कागदावर लिहिलंय. गुहांकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, हे लिहिलेलं नाही. तो रस्ता त्या पट्ट्यात बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं. गाड्या आजही ताफ्याने जातात. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या आमिषाने पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली आणि आपली मान खाली गेली. त्यांचा फोटो काढणं गुन्हा आहे. तरी माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून मला विचारून गेलं आहे, "भाऊ, काचेतून काढला, थोडा हलला आहे, क्लिअर होईल का?" मी त्याला बाहेर काढलं. पुन्हा आला नाही. न येवो.

या बेटांवर कॅमेऱ्याने हे आधीही केलेलं आहे. मॉरिस व्हिडल पोर्टमन नावाचा ब्रिटिश अधिकारी १८८० मध्ये उत्तर सेंटिनेल बेटावरून सहा माणसं पकडून घेऊन आला. एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं. सगळी आजारी पडली, म्हातारा-म्हातारी मेली, मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. याच पोर्टमनने पुढे १८९०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमसाठी अंदमानी माणसांचे शेकडो फोटो काढले. काही फोटोंत त्यांना चौकटी-चौकटींच्या पडद्यासमोर उभं केलं होतं, म्हणजे अंगाचं माप घेता यावं. १९६१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी लोक १९ उरले होते. पोर्टमनचे फोटो तांत्रिकदृष्ट्या चांगले आहेत. मी धंद्यातला माणूस आहे, मला ते कळतं, आणि म्हणूनच ते बघवत नाहीत.

लक्षद्वीपचंही तेच चाललं आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आले आणि आठवड्याभरात माझ्या दुकानात लोक विचारायला लागले, भाऊ, तिकडचं कसं. सगळी मिळून बत्तीस चौरस किलोमीटर जमीन, वस्ती असलेली बेटं दहा, २०११ च्या जनगणनेनुसार माणसं चौसष्ट हजार. गोडं पाणी वाळूखाली पातळ थरात. तिथे जायला परवाना लागतो म्हणून लोक कुरकुरतात. लागलाच पाहिजे.

मग त्या गृहस्थांना मी काय सांगितलं? कपड्यांचा रंग सांगितला नाही. त्यांच्या कागदाच्या पाठीवर पेनाने लिहून दिलं. बाराटांग काढून टाका. पाच रात्रींत तीन मुक्काम करू नका. दोन रात्री पोर्ट ब्लेअर, तीन हॅवलॉक. जेलला दोनदा जा, एकदा मोबाइल खोलीवर ठेवून. पहाटे पावणेपाचला उठा आणि पाचला काळापत्थरच्या वाटेला लागा. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला की दमट हवेने काच धुरकटते, म्हणून बॅग अर्धा तास आधी व्हरांड्यात ठेवा. दुपारी पाण्यात. पाण्यातल्या कशालाही हात लावू नका, पाय तर अजिबात टेकू नका. साडेतीनला राधानगर आणि पूर्ण अंधार होईस्तोवर तिथेच. हॅवलॉकचा बाजार बघा, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलं, त्यांची मुलं-नातवंडं आज मासळी आणि शहाळी विकतात. त्यांच्याशी बोला, नाव विचारा, मग वाटलं तर फोटो मागा. नाही म्हणाले तर नाही.

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. काल रात्री फोन आला. टूरवाला म्हणतो, बावीस जणांचा ग्रुप आहे, एकासाठी बदल होत नाही, शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स भरा नाहीतर सीट जाईल. मी म्हणालो, जाऊ द्या सीट. चेन्नई किंवा कोलकात्याहून विमान आहे, बोटीचं तिकीट स्वतः काढता येतं, मी बसून काढून देतो. ते गप्प झाले. मग त्यांच्या बाईंनी फोन हातात घेतला आणि विचारलं, "भाऊजी, पहाटे पावणेपाचला तिथे चहा मिळते का जी?"

मिळतो म्हणालो. शुक्रवार परवा आहे.