यशाची पुस्तकं पुरे, आता हरलेल्यांचीही वाचा



नवीन बॅच सुरू झाली की ओळखीच्या वेळी मी एक प्रश्न हमखास विचारतो. शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंत? उत्तरं जवळजवळ ठरलेली असतात. 'रिच डॅड पुअर डॅड', 'थिंक अँड ग्रो रिच', 'सेव्हन हॅबिट्स'. मग मागच्या रांगेतली एखादी ताई जरा संकोचून म्हणते, "सर, मी कादंबऱ्या वाचते, पण ते काही धंद्याचं नाही."

माझं मत नेमकं उलटं आहे. धंद्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाला त्या ताईंची पुस्तकं जास्त उपयोगी पडतील. का, ते सविस्तर सांगतो.

आधी एक स्पष्ट करतो. यशाची पुस्तकं मी पण वाचली आहेत, आणि ती सगळीच टाकाऊ नाहीत. कियोसाकींच्या १९९७ च्या पुस्तकातली एक गोष्ट मी आजही शिकवतो: खिशात पैसे आणणारी वस्तू वेगळी आणि खिशातून पैसे नेणारी वेगळी. हप्त्यावर गाडी घेऊन तिला 'असेट' म्हणणारे खूप जण भेटतात, त्यांना हे कळलं तरी पुस्तकाचे पैसे वसूल. पण या सगळ्या पुस्तकांची एक अडचण आहे बघा. ती जिंकलेल्यांनी लिहिलेली असतात, किंवा जिंकलेल्यांकडे बघून लिहिलेली असतात. नेपोलियन हिल यांचं पुस्तक १९३७ चं. तेव्हापासून आजपर्यंत हाच साचा आहे. ज्याचं शटर कायमचं खाली आलं, त्याने पुस्तक लिहिलं नाही. तुमच्याच बाजारपेठेत गेल्या पाच वर्षांत किती पाट्या बदलल्या ते आठवा. त्या माणसांनीसुद्धा सकाळी लवकर उठून, मोठी स्वप्नं बघूनच दुकान टाकलं होतं ना? मग त्यांचं काय चुकलं, किंवा काही न चुकता काय झालं, हे कुठल्या पुस्तकात सापडणार?

ते सापडतं कादंबरीत, इतिहासात, आत्मकथनात. साहित्याने हरलेल्यांची नोंद नीट ठेवली आहे.

गेल्या वर्षी एक तरुण माझ्याकडे आला होता. राजीनामा लिहून तयार. आईच्या पाटल्या गहाण ठेवायच्या आणि चहाची फ्रँचायझी घ्यायची असं ठरलेलं. प्रेरणादायी वाक्यं तोंडपाठ. मी विचारलं, "पहिले चार महिने धंदा झाला नाही तर भाडं आणि पोरांचे पगार कुठून देणार?" तो म्हणाला, "सर, आपण पॉझिटिव्ह राहायचं." मी त्याच्या हातात विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी ठेवली. जरा नाराज झाला. बरोबर आहे, तो फ्रँचायझीबद्दल विचारायला आला होता आणि मी त्याला १७६१ मध्ये पाठवत होतो.

'पानिपत' १९८८ ची. बहुतेक लोक ती शौर्यासाठी वाचतात आणि शेवटी डोळे पुसतात. तुम्ही ती हातात पेन्सिल घेऊन वाचा, आणि जिथे जिथे पैसा, धान्य, चारा यांचा विषय येतो तिथे खूण करत जा. भाऊसाहेब उदगीरची लढाई जिंकून निघालेले. म्हणजे आधीचं वर्ष उत्तम गेलेलं, नाव झालेलं. मुख्यालय पुण्यात, काम उत्तरेत. लढणाऱ्यांबरोबर हजारो न लढणारी माणसं: यात्रेकरू, बायकापोरं, बाजारबुणगे. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर विक्रीला हात न लावणारा पण रोज जेवणारा खर्च. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली ताब्यात आली. केवढा मोठा विजय! पण फौजेला द्यायला पैसा नाही, म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली. पगार द्यायला दुकानाचं फर्निचर विकणं म्हणतात ते हेच.

पुढे ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकलं, धान्य मिळालं. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा, म्हणजे दक्षिणेकडचा रस्ता तोडला. मग अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर बसून. रसद आणि पैशासाठी ज्यांच्यावर भिस्त होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारीला लढाई झाली ती उपाशी माणसांनी केलेली लढाई होती. थांबायची सोयच उरली नव्हती.

आता सांगा, यात पॉझिटिव्ह राहायला कोण कमी पडलं? धाडस कमी होतं का? इतिहासकार पराभवाची बरीच कारणं देतात, मी इतिहासकार नाही. पण दुकानदार म्हणून वाचताना मला एकच दिसतं: विक्री चालू, नाव चालू, आणि आतून रोकड संपत चाललेली. बीबीएला 'वर्किंग कॅपिटल' हा धडा मी दोनदा शिकलो, परीक्षेत मार्कही बरे पडले. तो पोटात कुठे लागतो हे मात्र मला या कादंबरीने दाखवलं.

तो तरुण दोनेक आठवड्यांनी परत आला तेव्हा वहीत सहा महिन्यांचा खर्च मांडून आला होता. भाडं, वीज, दूध, दोन पोरांचे पगार, आणि खाली स्वतःच्या घरखर्चाची ओळ. फ्रँचायझी अजून घेतलेली नाही. नोकरी आहे, पाटल्या घरात आहेत, आणि शनिवार-रविवारी तो एका ओळखीच्या चहावाल्याकडे उभा राहून धंदा बघतो.

दुसरं पुस्तक अगदी वेगळं, व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी', १९५५ चं. लहानसं आहे, चार-पाच रात्रीत होतं. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. वाडीला शाळा नको आहे. पोरं मेंढरांमागे जातात, ती शाळेत बसली तर मेंढरं कोण राखणार? नवीन माल घेऊन नवीन गावात गेलेल्या प्रत्येकाने हे वाचावं. मास्तर शिक्षणाचे फायदे सांगून जिंकत नाही. तो आधी कारभाऱ्याला समजून घेतो, लोकांच्या बारीकसारीक कामांना उपयोगी पडतो, आणि विश्वास बसल्यावर पोरं येऊ लागतात. पुढे सगळी वाडी राबून तालीम बांधते. इथपर्यंत कुठल्याही ट्रेनरला आवडेल अशीच गोष्ट आहे. मी पण इथपर्यंतच सांगून टाळ्या घेऊ शकलो असतो.

पण मग दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी रिकामी होते. मास्तरचं काही चुकलेलं नसतं. गिऱ्हाईक नाराज झालेलं नसतं. गिऱ्हाईकच उरत नाही. कोरोनाच्या काळात कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्यांचं, वडापाववाल्यांचं काय झालं आठवतं? त्यांची सर्व्हिस खराब नव्हती. यशाच्या पुस्तकात याला जागा नसते, कारण तिथे प्रत्येक अपयशाला आळस नाहीतर भीती जबाबदार असते. हे वाचून वाचून धंदा बंद पडलेली माणसं स्वतःला दोष देत बसतात, हे मी जवळून बघतो आहे. म्हणून 'बनगरवाडी' बुडालेल्यांनी पण वाचावी.

लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) वाचायला जड जातं, आधीच सांगतो. कैकाडी समाजातलं बालपण, गाढवांवर बिऱ्हाड, गावोगाव फिरून टोपल्या विणायच्या आणि विकायच्या. हे पुस्तक धंदा शिकवायला लिहिलेलं नाही, जातीने माणसाचं काय केलं ते सांगायला लिहिलेलं आहे, आणि तसंच वाचायला हवं. पण वाचून झाल्यावर मी भाव करण्याकडे पूर्वीसारखं बघू शकलो नाही. हातात कसब आहे, माल तयार आहे, पण संध्याकाळची चूल त्याच टोपलीवर पेटायची असेल तर भाव विकणारा ठरवत नाही. घेणारा ठरवतो, आणि त्याला ते माहीत असतं. कारागिरांकडून माल घेणारे बरेच जण हा ब्लॉग वाचतात. कुणी लगेच 'चालेल साहेब' म्हणालं की आपल्याला वाटतं, वा, छान घासाघीस केली. तो का तयार झाला, हे एकदा स्वतःला विचारा. आणि तुम्हीच विकणारे असाल तर लक्षात घ्या, थोडी शिल्लक हाताशी असल्याशिवाय 'नाही' म्हणता येत नाही. 'किंमत ठामपणे सांगा' असा कोर्स त्याआधी उपयोगाचा नाही.

आता घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या ताईंसाठी. तुमचं धंद्याचं पुस्तक बहुतेक तुमच्या स्वयंपाकघरातच असेल: कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा', १९७० पासून घराघरांत. सासूबाई 'अंदाजाने घाल' म्हणायच्या तिथे या बाईंनी वाटी आणि चमच्याचं माप लिहून दिलं. ज्या मुलीला काहीच येत नाही तिलाही पदार्थ जमावा, ही त्यामागची नजर. मोठ्या कंपन्या ज्याला स्टँडर्डायझेशन म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं? मी चकली करणाऱ्या कित्येक काकूंना विचारलं आहे, एक किलो चकलीला भाजणी किती लागते? "ते हाताला कळतं." हाताला कळतं, पण दराच्या पाटीला कळत नाही हो! समजा किलोमागे तेल तुमच्या अंदाजापेक्षा शंभर ग्रॅम जास्त लागलं. दिवाळीत दोनशे किलो चकली विकलीत तर वीस किलो तेल फुकट वाटलंत. 'रुचिरा'तून पद्धत घ्या आणि एक पाऊल पुढे जा: धंद्यात वाटी नको, ग्रॅम हवेत. एक वाटी रवा आणि एक वाटी पोहे वजनाला सारखे नसतात. हजार-पाचशेचा वजनकाटा हे माझ्या मते तुमचं पहिलं मशीन. लोगो नंतर.

रहस्यकथांबद्दल थोडक्यात. शेरलॉक होम्सची 'सिल्व्हर ब्लेझ' नावाची गोष्ट आहे, १८९२ ची. घोडा रात्री तबेल्यातून नेला जातो आणि कुत्रा भुंकत नाही. न भुंकणं हाच पुरावा, येणारा ओळखीचा होता. ही गोष्ट वाचल्यापासून मी दुकानात जे झालं नाही तेही लिहून ठेवतो. कोण महिनाभर आलं नाही, कुठला माल कुणी विचारलाच नाही. तक्रार करणारं गिऱ्हाईक सोपं, ते निदान भुंकतं तरी. गुपचूप दुसरीकडे जाणारं शोधायला होम्स लागतो.

आणि तुकाराम गाथा. हे नाव बघून काही जण हसतील. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात सगळं बुडालं, घरातली माणसं गेली. परंपरा सांगते की भावाबरोबर कर्जाच्या कागदांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याचे त्यांनी इंद्रायणीत सोडून दिले. मी वारकरी घरातला नाही आणि माझी उधारीची वही काही मी नदीत सोडणार नाही, डिस्ट्रिब्युटर मला सोडणार नाही! पण गाथा मी दुकानदाराचं लिखाण म्हणून पण वाचतो. देणं-घेणं, माप, भांडवल, मुद्दल, बाजारातली ही भाषा त्या माणसाच्या हाडात आहे. त्यातून मी माझ्यापुरता एक हिशेब बसवला आहे: उधारी एवढीच द्यायची की उद्या ती सगळी इंद्रायणीत गेली तरी परवा दुकान उघडेल. माझ्यासाठी तो आकडा पंधरा दिवसांच्या नफ्याएवढा आहे. तुमचा तुम्ही काढा, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही. तेव्हा आपण फार मोठ्या मनाचे होतो.

जिंकलेल्याने लिहिलेलं एक पुस्तक मात्र मी सगळ्यांना वाचायला लावतो, फिल नाइट यांचं 'शू डॉग', २०१६ चं. नायकीचा मालक, पण पुस्तकभर घाम फुटलेला. १९६४ मध्ये जपानी बूट आणून गाडीच्या डिकीतून विकण्यापासून सुरुवात. पुढे विक्री वर्षाला दुप्पट होते आहे आणि बँक चिडलेली, कारण हातात भांडवल नाही आणि प्रत्येक रुपया पुढच्या ऑर्डरमध्ये अडकलेला. स्वतः अकाउंटंट असलेल्या माणसाची ही गत! 'पानिपत'नंतर लगेच वाचा, दोन्ही पुस्तकं एकमेकांशी बोलायला लागतात. फरक इतकाच की इथे रसद ऐन वेळी पोहोचली.

काही जण विचारतील, सर, विज्ञानकथा, प्रेमकथा? प्रेमकथा मला झेपत नाहीत, दहाव्या पानावर झोप येते. विज्ञानकथांत नारळीकर आवडतात, पण त्यातून दुकानाला काही मिळालं असं ओढूनताणून सांगणार नाही. सगळंच वाचन धंद्याला जुंपायची गरज नाही.

ही पुस्तकं विकत घ्यायला सांगत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक वाचनालय असतंच, वर्गणी किरकोळ असते, आणि 'बनगरवाडी', 'पानिपत' तिथे सहसा मिळतात. 'पानिपत' जाड आहे. शटर पाडल्यावर रोज दहा पानं, असं धरा. 'रिच डॅड' पण तिथेच मिळेल, त्यामुळे ते तर अजिबात विकत घेऊ नका.