हिशेबाची वही : सही करण्याआधी कागद वाचा

मागच्या वर्षी जुलै महिन्यातली गोष्ट. पुसेगावात पाऊस चांगला लागला होता, सोयाबीन गुडघ्याला आले होते. दिवेलागणीच्या वेळी आमच्या दारात एक जोडपे येऊन उभे राहिले. गृहस्थ सरकारी नोकरीत वाहनचालक. घराण्यात महिन्याचा पगार घेणारे तेच पहिले. जयभीम झाला, चहा झाला. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून आमच्या हाती दिला. आयकर खात्याचा संदेश होता. तुम्ही विवरणपत्रात दाखविलेल्या वजावटी तपासून पाहा, चुकीच्या असतील तर दुरुस्त करा, असे त्यात कळविले होते.

"भाऊ, कोणत्या वजावटी? म्या तर काहीच दाखवलं नाही," ते म्हणाले.

आम्ही त्यांचे २०२२-२३ या वर्षाचे विवरणपत्र, म्हणजे ज्याला आपण रिटर्न म्हणतो ते, उघडले. त्यात ४८,००० रुपये घरभाडे दाखविले होते. हे कुटुंब तर वडिलोपार्जित घरात राहते! शिवाय एका राजकीय पक्षाला ७२,००० रुपयांची देणगी दाखविली होती. त्या पक्षाचे नावही त्यांनी कधी ऐकले नव्हते. हे सारे तालुक्याला बसणाऱ्या एका माणसाने भरले होते. "तुमचा कापलेला कर सगळा परत आणून देतो, चौथा हिस्सा माझा," एवढाच त्याचा सौदा. मोबाईलवर आलेला आकडा त्याने विचारला, यांनी सांगितला. काम झाले.

आता हिशेब पाहा. वर्षाचा पगार ७,२०,००० रुपये. त्यातून ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० चा व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधी व विमा मिळून ६०,००० वजा केले की ६,०७,५०० उरतात. त्यावर त्या वर्षीच्या जुन्या पद्धतीने कर होतो ३४,००० आणि ४ टक्के उपकर धरून ३५,३६० रुपये. कचेरीने तेवढे पगारातून बरोबर कापले होते. त्या माणसाने खोटे १,२०,००० घुसवून उत्पन्न ५ लाखांच्या खाली आणले. ५ लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य झाला आणि ३५,३६० रुपये परत आले. त्यातले ८,८४० त्याने घेतले, यांच्या हाती उरले २६,५२०.

आणि दुरुस्तीला किती लागले? ३५,३६० रुपये परत, त्यावर व्याज, आणि दोन वर्षे उलटून गेल्यामुळे त्या बेरजेच्या निम्मा जादा कर. म्हणजे ५३,००० च्या वर! २६,००० च्या मोहापायी घरातली दुप्पट रक्कम गेली. सल्ला देणारा मात्र फोन उचलेना. विवरणपत्रावर त्याचे नाव नाहीच, नाव आपलेच आहे.

असे फसलेले हे एकटेच नव्हेत. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून देणाऱ्यांच्या टोळ्या शोधण्यासाठी ती होती आणि ज्या राज्यांत असे पुरावे सापडले त्यांत महाराष्ट्राचेही नाव होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे खात्याने सांगितले. जो आपणहून दुरुस्त करतो तो जादा करावर सुटतो. जो खात्याच्या तपासात सापडतो त्याला चुकविलेल्या कराच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

हे टाळणे अवघड नाही. दहावी शिकलेल्या मुलीलाही जमेल इतके ते सोपे आहे. म्हणून सारी पद्धत येथे क्रमाने सांगतो.

आयकराचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. पगारदाराचा कर कचेरी दरमहा कापून सरकारजमा करते आणि जूनच्या मध्यापर्यंत फॉर्म १६ देते. वर्षभरात किती पगार दिला आणि किती कर कापला, याची ती पावतीच. ती मागून घ्या, घरात फाईल करून ठेवा. मग आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांकाने आपले खाते उघडा. यासाठी एक पैसाही पडत नाही. तेथे 'वार्षिक माहिती विवरण' नावाचा तक्ता मिळतो. तुमचा पगार, बँकेचे व्याज, कापलेला कर, सारे त्यात लिहिलेले असते. फॉर्म १६ आणि हा तक्ता शेजारी ठेवून आकडे जुळवा. आपली माणसे बहुधा चुकतात ती बँकेच्या व्याजात. मुदत ठेवीचे व्याज हेही उत्पन्नच आहे, ते दाखवावे लागते.

पगार, पेन्शन आणि व्याज एवढेच उत्पन्न असणाऱ्यांना बहुधा पहिला, म्हणजे एक नंबरचा फॉर्म पुरतो. आपल्या भागात सोयाबीन, हळद पिकविणारे पगारदार पुष्कळ. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरे, पण ते ५,००० रुपयांच्या वर असेल तर पहिला फॉर्म चालत नाही, दुसरा भरावा लागतो आणि शेतीचा आकडा त्यात लिहावा लागतो. लपवू नका, त्यात लपविण्यासारखे काही नाही.

आता कर किती? २०२५-२६ च्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के आणि १२ ते १६ लाखांच्या टप्प्यावर १५ टक्के. पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट आधी मिळते. उरलेले उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. आमच्या त्या वाहनचालकांचाच पगार घ्या. ७,२०,००० मधून ७५,००० गेले, उरले ६,४५,०००. ४ लाखांच्या वरच्या २,४५,००० वर ५ टक्के म्हणजे १२,२५०. तेवढीच सूट. कर शून्य! आज खोटे बोलण्याचे कारणच उरलेले नाही. पगार १४ लाख असेल तर १३,२५,००० वर कर ७८,७५० आणि उपकरासह ८१,९०० होतो. घरकर्ज आणि बचत जास्त असणाऱ्यांना जुनी पद्धत परवडते का, ते दोन्ही हिशेब मांडून पाहावे.

कर शून्य म्हणून विवरणपत्र भरायचे नाही, असे मात्र समजू नका. वजावटीपूर्वीचे उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर ते भरावेच लागते. पगारदारांसाठी शेवटची तारीख ३१ जुलै. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते, पण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० आणि त्यावर असल्यास ५,००० रुपये विलंब शुल्क द्यावे लागते. शिवाय उशीर झाला की जुनी पद्धत निवडण्याचा हक्कही जातो. भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर ते ग्राह्य धरत नाहीत. परतावा असेल तर तो तुमच्याच बँक खात्यात येतो, दुसऱ्याच्या हातून नव्हे. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे, त्याआधीचे उत्पन्न १९६१ च्याच कायद्याने मोजले जाते.

कंत्राटी मुलामुलींकडे आमचे विशेष लक्ष आहे. महिना २०,००० मानधन, पण ते व्यावसायिक शुल्क म्हणून दिले की १० टक्के, म्हणजे २,००० रुपये कापून हाती येतात १८,०००. वर्षाचे २४,००० गेले. दुसरे काही उत्पन्न नसेल तर २,४०,००० वर कर लागतच नाही, म्हणजे हे २४,००० त्यांचेच. पण विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. अशांना पहिला फॉर्म चालत नाही, जाणकाराकडून योग्य तो निवडून घ्यावा. खोटा परतावा मागणारे आहेत, तसे हक्काचा परतावा सोडून देणारेही आहेत. दोघांचेही कारण एकच, कागद न वाचणे.

या देशात आयकर आला १८६० साली. आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. भारताचा आयकर कायदा येथे लागू झाला १ एप्रिल १९५० पासून, म्हणजे संविधान अंमलात आल्यावर दोनच महिन्यांनी. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही, असे त्या संविधानाचे २६५ वे कलम सांगते. सरकार पैसा कसा जमविते आणि कसा वाटते, यावर बाबासाहेबांनी १९२५ साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या लेकरांनी आपल्याच कराचा चार पानांचा कागद न वाचता दुसऱ्याच्या हाती द्यावा काय?

त्या दिवशी वहिनी इतका वेळ गप्प बसल्या होत्या. उठताना म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता. काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. ह्यांना तर वाचता येतं!"

आम्ही काय उत्तर देणार? मोबाईलवर येणारा तो सहा आकड्यांचा ओटीपी हाच आजचा अंगठा आहे. तो उठविण्याआधी वर काय लिहिले आहे ते वाचा. येत नसेल तर लेकीला, सुनेला शेजारी बसवून वाचून घ्या. दुसऱ्याकडून भरून घ्यायला हरकत नाही, पण पूर्ण भरलेल्या विवरणपत्राची प्रत आधी हाती घ्या, वजावटीची प्रत्येक ओळ बोट ठेवून विचारा, आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवा.

वहिनींनी यंदा फाईल स्वतःच केली आहे. फॉर्म १६, बँकेचे पुस्तक, विम्याच्या पावत्या, सगळे एका दोरीत. वर निळ्या शाईने वर्षही घातले आहे.